खिडकीची कडी

विमानतळाच्या दारात माझी बॅग हातात देता देता बाबा म्हणाले, "त्या खिडकीची कडी मी दुसऱ्याच दिवशी बसवली." एवढं बोलून त्यांनी बॅगेचा दांडा वर ओढून दिला, नीट अडकलाय ना ते हलवून पाहिलं आणि बाजूला झाले, कारण आईला पुढे यायचं होतं. आईने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. मागे आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बायकांनी निरोपाचं गाणं धरलं होतं, पाळक टाचा उंचावून गर्दीवरून आशीर्वादाचा हात करत होते, आणि दारावरचा पहारेकरी तिकीट, तिकीट म्हणून कंटाळला होता. मी बाबांकडे वळून पाहिलं. ते कुणाच्या तरी पोराच्या बुटाची नाडी बांधत होते. मग मी आत गेले आणि काचेचं दार माझ्यामागे आपलं आपण मिटलं. कुठली खिडकी, हे त्यांनी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. तशी गरजच नव्हती, कारण माझ्या आयुष्याचं काही बरंवाईट करणारी खिडकी एकच होती.

विमानात मला मधली जागा मिळाली. एका बाजूला एक जाडजूड गृहस्थ बसल्या बसल्या घोरायला लागले, दुसऱ्या बाजूला एक म्हातारी, तिचे पाय सुजलेले, म्हणजे तिला उठवायची सोय नाही. मी कोपरं पोटाशी घेऊन दोघांच्या मध्ये. पट्टा बांधला तेव्हा वाटलं, चला, आता निदान कुणी उभं राहा म्हणणार नाही. म्हातारीने पावाचा पहिला घास घेतला आणि मला कळलं की तिची वरची कवळी सैल आहे. ती घास आधी जिभेने टाळ्याला दाबून धरत होती. माझं काम कवळ्या करण्याचं. दवाखान्यांतून जबड्यांचे साचे यायचे, त्यांवरून मी मेणात दात मांडायचे. माणूस कधी दिसायचा नाही, नुसत्या हिरड्या, पण हिरड्यांवरून माणूस बराच कळतो, कोण एकाच बाजूने चावतो, कोण झोपेत दात खातो. नात्यातले सगळे मला कवळीताई म्हणायचे, आणि लग्नाच्या बाजारात या नावाचा मला काडीचाही उपयोग झाला नाही. पण मला ते काम आवडायचं. मेणाचा वास, बारीक ज्योत, समोर कुणाचं तरी उघडं तोंड आणि तरीही सगळीकडे शांतता. मालकांनी उजेडाकडचं टेबल मला द्यायचं ठरवलं होतं. आता तिथे दुसरी मुलगी बसते. मी तिला स्वतः शिकवून आले.

आमच्या मंडळीची एक रीत आहे. परदेशी सेवेसाठी माणूस हवा असला की त्यासाठी वेगळी उपासना होते. पाळक सगळ्यांना डोळे मिटायला आणि मान खाली घालायला सांगतात. गाणंबजावणं थांबतं. मग ते हळू आवाजात विचारतात, कोण जाईल. ज्याला देवाने बोलावलं असेल त्याने तोंडाने काही बोलायचं नाही, नुसतं उभं राहायचं. डोळे फक्त पाळकांचे उघडे. ते म्हणतात, "पाहिलं," आणि प्रार्थना संपवतात. उभा राहिलेल्याला तू का उभा राहिलास हे कुणी कधी विचारायचं नसतं. देव आणि माणूस यांचं आपसातलं बोलणं तिसऱ्याने उकरून काढू नये, असं आमच्यात मानतात. रीत चांगलीच आहे. फक्त तिच्यात चुकून उभं राहिलेल्या माणसाची सोय नाही.

मी नेहमी शेवटच्या रांगेत बसायची, कारण तिथून आधी बाहेर पडता येतं. माझ्या शेजारच्या खिडकीची कडी तुटलेली होती. पुठ्ठ्याचा तुकडा दुमडून फटीत खोचला की ती उपासना संपेपर्यंत टिकायची, आणि हे खोचण्याचं काम मला कुणी दिलेलं नव्हतं, पण जो खिडकीपाशी बसतो त्याचीच ती खिडकी होते. त्या दिवशी वारा होता. पाळकांनी विचारलं, सगळीकडे अशी शांतता की पुढच्या रांगेतल्या कुणाचं तरी पोट वाजलेलं मला ऐकू आलं, आणि तेवढ्यात पुठ्ठा उडाला. खिडकी भिंतीवर आपटली. परत आपटली. आता काच फुटणार, कुणीतरी किंचाळणार आणि एवढ्या गंभीर प्रार्थनेचा विचका होणार, म्हणून मी उठले. हात खिडकीकडे निम्मा गेला होता. "पाहिलं," पाळक म्हणाले. मी पुढे पाहिलं तर ते माझ्याकडे बघत होते आणि त्यांचे डोळे भरून आले होते. माझा हात तसाच हवेत. लांबून तो हात कसा दिसला असेल, हे मला फार उशिरा सुचलं. त्या क्षणी मला वाटलं की बसावं, पण बसायचं तरी कसं? देवाला हो म्हणून लगेच नाही म्हटल्यासारखं बसायचं, की खिडकीकडे बोट दाखवायचं? माझी दातखिळी बसली. खिडकी आणखी एकदा आपटली आणि पाळकांनी आमेन म्हटलं.

सगळ्यांनी डोळे उघडले. पाळकांनी माझं नाव घेतलं. दुसऱ्या रांगेतून आईने मागे वळून पाहिलं, आणि तिचं ते तोंड मी विसरायचं म्हटलं तरी विसरणार नाही. त्या तोंडामागची गोष्ट दादाची होती. दादा पाळक व्हायला शिकत होता. आईने त्याला पाळण्यात असतानाच देवाला देऊन टाकलं होतं, म्हणजे त्याला न विचारता. मग तो शिक्षण अर्धवट सोडून घरी आला, जेवायच्या टेबलावर म्हणाला की मला यातलं काही खरं वाटत नाही, आणि काही दिवसांनी दुसऱ्या शहरात निघून गेला. सणासुदीला त्याचा फोन येतो. तो हवापाण्याबद्दल बोलतो. आई त्याला काहीच बोलली नाही, रागावलीसुद्धा नाही, फक्त तिने गाणं थांबवलं. आधी ती भांडी पुसताना, कपडे वाळत घालताना, अगदी दात घासून झाल्याबरोबर गायची. बाबा म्हणायचे, आपल्याकडे रेडिओ घ्यायची वेळ आली नाही. मग घर मुकं झालं. चर्चमध्येही ती पुस्तक उघडून नुसती उभी राहायची. त्या दिवशी शेवटचं गाणं सुरू झालं आणि मला पुढून तिचा आवाज आला, घोगरा, बसलेला, सुराला जरा खालून लागणारा. आता तुम्ही सांगा, मी काय करायला हवं होतं? घरी जाऊन, आई, खिडकी आपटत होती, एवढंच सांगायचं होतं. वाक्य लहान आहे. मी ते घरी जाताना मनात म्हटलं, जेवताना म्हटलं, पुढे महिनोन् महिने म्हणत राहिले, आणि दर वेळी स्वयंपाकघरातून तिचं गाणं ऐकू यायचं.

मेणात मांडलेला दात हलवता येतो. पुढे वाटला तर मागे घ्या, तिरका वाटला तर सरळ करा, तोंडात घालून बघा, परत काढा. मग ती कवळी साच्यात दाबून गरम पाण्यात शिजवतात, आणि एकदा शिजली की झालं, मग तोंडालाच तिची सवय करून घ्यावी लागते. मी नेमकी कधी शिजले, याचा विचार मी त्या दोन परक्या माणसांच्या मध्ये बसून करत होते. मंडळीने माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली तेव्हा? ते हात जड होते, गरम होते, मान वर करता येत नव्हती. की त्याही आधी, परदेशातल्या ज्या मुलांच्या घरात मला पाठवायचं ठरलं, तिथली भाषा मी शिकायला जायला लागले तेव्हा? का, कुठे, कधी, कोण, पहिल्याच धड्यात ते शब्द होते, आणि मी हुशार विद्यार्थिनी निघाले. मी देवाला मानत नाही असं नाही. मानते, म्हणूनच जीव घाबरा होतो. मला वाटायचं, चुकून का होईना उभी राहिलेय तर आता खरंच बोलावणं येईल, आतून काहीतरी हलेल आणि खोटी सुरुवात खरी होऊन जाईल. वारासुद्धा देवाचाच, असं पाळकांनी नक्की म्हटलं असतं. मी वाट पाहिली. रोज प्रार्थना करताना आतला आवाज ऐकायचा प्रयत्न केला, तर आत फक्त मीच असायची, तेच लहान वाक्य पाठ करत. मुलांचं मला वावडं नाही, पण त्यांच्यासाठी समुद्र ओलांडावा असं मला कधी वाटलं नव्हतं, आणि ज्यांना तसं वाटतं त्यांच्या जागेवर मी बसलेय, हे मला आतून कुरतडत होतं. आणि आता बाबांची कडी. त्यांना माहीत होतं. पहिल्या दिवसापासून त्यांना माहीत होतं आणि ते माझ्या बॅगेचा दांडा ओढून देत होते.

मधल्या विमानतळावर पुष्कळ वेळ थांबायचं होतं. बाहेर लख्ख सकाळ होती, पण ती जाड काचेपलीकडे. आत दिवस आहे की काय आहे ते कळत नव्हतं. एका फलकावर पुढे जाणारी विमानं होती, त्याच फलकावर परत जाणारीही. मी त्याच्याखाली उभी राहून दोन्ही वाचत होते. वाटलं, इथे मला कुणी ओळखत नाही, इथून वळलं तर कोण अडवणार आहे? लगेच दुसरा विचार आला की वळून जायचं कुठे, आईच्याच दारात ना. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते असं, की दोन्हीकडची तिकिटं मिळतात. मी घरी फोन लावला. आईनेच उचलला. तिने एका श्वासात विचारलं की खाल्लंस का, थंडी आहे का, मोजे कुठल्या कप्प्यात आहेत ते सापडलं का. मी बाबांना फोन दे म्हटलं. तिने तो दिला आणि तिचं गाणं लांब लांब जात कुठेतरी पाण्याच्या आवाजाशी जाऊन स्थिरावलं.

"बाबा," मी म्हटलं, "त्या दिवशी तुमचे डोळे उघडे होते."

"नेहमीच असतात. मिटले की मला झोप लागते."

"म्हणजे तुम्ही पाहिलंत."

"पाहिलं," बाबा म्हणाले. तोच शब्द. पाळकांनी म्हटला होता त्याच्यापेक्षा कितीतरी साधा.

मी विचारलं की मग तेव्हाच का बोलला नाहीत. बाबा आयुष्यभर दारं-खिडक्या बसवत आले; एखादं दार घासत असेल तर ते आधी नुसतं उघडून मिटून बघत बसतात, बोलत नाहीत. मग त्यांनी फोन कानापासून लांब धरला असावा, कारण आईचा आवाज एकदम मोठा झाला, भांड्यांच्या आवाजातून वर येणारा, अजूनही जरा खालूनच लागणारा.

"ऐकलंस ना," ते परत फोनवर येऊन म्हणाले. "मला वाटलं, तू बोलशील. तू बोलली असतीस तर मी तुझ्या बाजूने उभा राहिलो असतो, देवाशपथ."

"आणि मी वाट बघत होते, कुणीतरी विचारेल म्हणून."

"हं," बाबा म्हणाले. मग म्हणाले, "परत ये म्हटलं तर येशील?"

मला त्यांचा राग आला. बापाने असं विचारायचं नसतं, बापाने ये म्हणायचं असतं, नाहीतर जा म्हणायचं असतं. पण हेही कळत होतं की मीही तेच करत होते, उत्तर दुसऱ्याच्या तोंडून काढायला बघत होते, उभ्या असलेल्या माणसाला कुणीतरी बस म्हणावं म्हणून. एवढ्यात आईने फोन परत घेतला आणि म्हणाली की इथे सगळे तुझ्यासाठी प्रार्थना करतायत, काळजी करू नकोस. मी म्हटलं, करत नाही. फलकावर माझ्या विमानाचा दिवा लुकलुकायला लागला होता, आणि माझे पाय रांगेत जाऊन उभेही राहिले होते.

मुलांचं ते घर शहराच्या टोकाला होतं. उंच भिंत, लोखंडी फाटक, फाटकाला आतून साखळी. मोठ्या बाईंनी मला फाटकातच मिठी मारली. सगळं घर त्याच चालवायच्या. पिकलेले केस, पुरुषी बूट, आणि बोलताना समोरच्याचा हात सोडायचा नाही अशी सवय. त्या भल्या होत्या, हे मला पहिल्या मिनिटात कळलं आणि त्याने मला जास्तच कोंडल्यासारखं झालं. त्या वाईट असत्या तर सोपं गेलं असतं. त्यांनी मला खोली दाखवली, अरुंद खाट, भिंतीतलं कपाट, खिडकीला मुलं पडू नयेत म्हणून बसवलेले गज. म्हणाल्या, तुझ्या पाळकांनी मला सगळं कळवलंय, हात उंचावून कशी उभी राहिलीस ते. वाचताना त्या रडल्याही होत्या. मी म्हटलं, हो का. दुसरं काय म्हणणार? मुलं दारात गोळा झाली होती. एक मुलगी सरळ आत येऊन माझ्या बॅगेत डोकावली. समोरचे वरचे दोन्ही दात पडलेले, हिरडीतून नव्यांच्या कडा नुकत्या दिसायला लागलेल्या. सवयीने मी आधी तेच पाहिलं. तिने माझा मोजा उचलून हुंगला, नाक मुरडलं आणि परत ठेवून दिला. सबंध प्रवासात मला पहिल्यांदा हसू आलं. मग मी कपाटात कपडे लावायला घेतले, आणि एक एक कपडा ठेवताना वाटत होतं की आपण आपल्यावर दार लावून घेतोय.

दुसऱ्या दिवशी न्याहारीआधी प्रार्थना होती. लांबट हॉल, बाकांच्या रांगा, मुलं जांभया देत बसलेली. मोठ्या बाईंनी मला पुढे आपल्या शेजारी उभं केलं आणि मुलांना सांगितलं की देवाने हिला बोलावलं आणि ही उठली, मागचा पुढचा विचार न करता उठली. तेवढं मात्र अगदी खरं होतं. मग त्या म्हणाल्या, डोळे मिटा, आणि आज ज्याला आपलं मन प्रभूला द्यायचं असेल त्याने उभं राहावं. त्यांच्या भाषेत ते वाक्य गोड लागत होतं. मी डोळे उघडेच ठेवले. प्रवासाने इतकी शिणले होते की मिटले असते तर झोप लागली असती. हसू नका, ते रक्तातच असावं. आणि मला शेवटच्या रांगेतली ती मुलगी दिसली, बिनदातांची. ती पायावर पाय चढवून बसली होती, ओठ आत घेतले होते, एकदा दाराकडे बघत होती, एकदा बाईंकडे. मग ती उभी राहिली.

मोठ्या बाईंनी डोळे उघडले. त्यांच्या चेहऱ्यावर जे पसरायला लागलं ते मला पाठ होतं. "देवा, तुझी स्तुती असो," त्या हळूच म्हणाल्या. मी काय करतेय हे कळायच्या आत मी बाकांमधून चालत मागे गेले. तिच्यासमोर गुडघ्यावर बसले आणि पहिल्या धड्यातले शब्द जोडून विचारलं, "का उभी राहिलीस?" तिने माझा कान ओढून जवळ घेतला. दातांच्या फटीतून ऊन ऊन हवा आणि थोडी थुंकी आली, आणि एक शब्द आला, "शू." मी तिचा हात धरून तिला बाहेर नेलं.

लहान मुलांच्या संडासाचं दार निम्मंच होतं; खालून तिची पावलं दिसत होती, जमिनीला न टेकणारी. मोकळी झाल्यावर तिला गप्पा सुचल्या. आतून तिने विचारलं, आणि तू का आलीस? इतक्या महिन्यांत, इतक्या माणसांतून, पहिल्यांदा. मी भिंतीला टेकले. मला त्यांची भाषा मोडकीतोडकीच येत होती, आणि बरंच झालं, त्या भाषेत लपवायला लागणारे शब्द मी अजून शिकले नव्हते. मी म्हटलं, वारा आला. खिडकी आपटत होती. मी खिडकी लावायला उभी राहिले.

आत पावलं हलायची थांबली. मग पाणी वाहिल्याचा आवाज झाला आणि ती बाहेर आली, हात फ्रॉकला पुसत. "मग लावलीस?"

"नाही."

तिला हे पटलं नाही. "लावायला पाहिजे होतीस," ती म्हणाली, आणि ओला हात माझ्या हातात दिला.

हॉलच्या दारात आलो तर सगळी मुलं मागे वळून बसली होती. मोठ्या बाई मोठ्याने देवाचे आभार मानत होत्या, या घरातल्या सर्वांत लहान जिवाला त्याने आज उभं केलं म्हणून. तिला बघून त्यांनी दोन्ही हात पसरले. "ये, बाळा, पुढे ये." मुलीने माझं बोट घट्ट धरलं आणि ती माझ्या मागे सरकायला लागली. ते बोट मला दुखलं. तिने वर माझ्याकडे पाहिलं, तिला काही कळत नव्हतं, फक्त एवढंच कळलं होतं की सगळे खूश आहेत आणि आता आपल्याला पुढे जावं लागणार आहे.

"बाई," मी म्हणाले, आणि माझा आवाज मलाच मोठा वाटला. "तिला शू लागली होती. म्हणून उठली. तिला बसू द्या."

आधी एक पोर फिस्सकन हसलं, मग रांग, मग सगळा हॉल. तीही हसली, तोंडावर हात ठेवून, फटीतून हवा सोडत. मोठ्या बाईंचे हात हळूहळू खाली आले. त्या हसत नव्हत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या, जणू काहीतरी विचारायचं त्यांच्या ओठांवर आलंय. मी थांबले. त्यांनी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, तिथेच, त्या सगळ्यांसमोर. मग त्यांनी नजर वळवली आणि पुस्तकातल्या पुढच्या गाण्याचा आकडा सांगितला. मुलीने माझं बोट सोडलं, दोन मुलांच्या मधून घुसून आपली जागा केली आणि ती खाली बसली. गाणं सुरू झालं. मी उभीच होते.